चेहऱ्यावरचा उन्हाळा

मे महिन्यात जबलपुरात पारा ४३-४४ अंशांवर गेला की सगळ्यांचेच चेहरे लालबुंद होतात. त्यात एखादीचा चेहरा जरा जास्त लाल झाला, जरा जास्त वेळ लाल राहिला, तर कोणाला वावगं वाटत नाही. ‘उष्णता बाधली’, ‘पित्त उसळलं’ असं म्हणून कैरीचं पन्हं नाहीतर बेलाचं सरबत पुढे येतं. जुलैत पाऊस लागतो, नर्मदा गढूळ होऊन फुगते, बाकीच्यांचे चेहरे निवतात आणि हिचा तसाच राहतो. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर लाली, मधूनच बारीक पुळ्या, साबण लावला की चरचर. मग आधी मुरुमांचं मलम येतं, नंतर पार्लरमधलं फेशियल, त्यानंतर शेजारणीनं सुचवलेली क्रीम. रोझेशिया या आजाराची आपल्याकडची वाटचाल बहुधा अशीच होते, आणि आजारापेक्षा या उपायांनीच चेहऱ्याचं जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे.

रोझेशिया म्हणजे चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या त्वचेचा जुनाट दाह. तो साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. बायकांमध्ये जास्त आढळतो. पुरुषांमध्ये मात्र नाकाची कातडी जाड, गाठाळ होण्याचा प्रकार अधिक दिसतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिरलांदायो या चित्रकारानं १४९०च्या सुमारास रंगवलेलं आजोबा-नातवाचं एक चित्र आहे. आजोबांचं नाक अशाच गाठींनी भरलेलं आहे आणि नातू त्यांच्याकडे मान वर करून प्रेमानं पाहतो आहे. प्रत्यक्षात असं नाक दिसलं की लोक प्रेमानं पाहत नाहीत, दारूचा संशय घेतात. दारूनं लाली भडकते हे खरं, पण उभ्या आयुष्यात थेंबालाही न शिवलेल्यांना हा आजार होतो. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानं प्रौढांमधलं त्याचं प्रमाण ५.४६ टक्के धरलं. म्हणजे आजार दुर्मीळ नाही, ओळखला जाणं दुर्मीळ आहे.

ओळखायचा कसा? मुरुमांत काळ्या-पांढऱ्या टोकांचे बारीक दाणे असतात, ज्यांना आपण ब्लॅकहेड म्हणतो. रोझेशियात ते नसतात. २०१७ पासून तज्ज्ञ चेहऱ्यावर दिसणाऱ्या खुणांवरून निदान करतात. चेहऱ्याच्या मध्यभागी कायम ठाण मांडून बसलेली, अधूनमधून भडकणारी लाली किंवा नाकाची जाड झालेली कातडी, यांपैकी एक खूण असली तरी पुरते. ती नसेल तर पुढच्या चारांपैकी दोन असाव्या लागतात: चेहरा एकाएकी तापून लाल होणं, पुळ्या, कातडीखाली दिसणाऱ्या बारीक लाल शिरांची जाळी आणि डोळ्यांचा त्रास.

अडचण अशी की पाठ्यपुस्तकांतली चित्रं वर्षानुवर्षं गोऱ्यापान युरोपीय चेहऱ्यांची होती. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ही लाली लाल दिसेलच असं नाही. ती तांबूस, तपकिरी, कधी नुसती काळवंडल्यासारखी दिसते, आणि ‘ऊन लागून रापली’ किंवा ‘वांग आलेत’ म्हणून निकालात निघते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा संवेदनेवर विश्वास ठेवावा. चेहरा आतून तापतो का, कोणतीही क्रीम लावली की झोंबते का, पाणी लागलं तरी चुणचुणतं का, हे प्रश्न जास्त उपयोगी आहेत. डॉक्टर काचेची पट्टी दाबून किंवा डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहून शिरांचं जाळं शोधतात. आणि एक साधी गोष्ट घरी करता येते. चेहरा भडकलेला असताना आणि शांत असताना, एकाच खिडकीशी, एकाच उजेडात फोनवर फोटो काढून ठेवावेत. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लाली बऱ्याचदा उतरलेली असते. फोटो मात्र खोटं बोलत नाहीत. अर्थात सुंदर दिसण्याचा फिल्टर बंद केलेला हवा.

आता ही लाली येते कुठून? आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता टिपणारे सूक्ष्म दरवाजे असतात. त्यातला टीआरपीव्ही-१ नावाचा दरवाजा डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं १९९७ साली शोधला, तोही मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढताना. त्याबद्दल २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. हा दरवाजा सुमारे ४३ अंश तापमानाला उघडतो आणि मिरचीनंही उघडतो. हवा ४३ अंशांवर गेली म्हणजे कातडी तेवढी तापते असं नाही, घाम तिला थंड ठेवतो. पण दाह असलेल्या कातडीत हा दरवाजा त्याहून कमी उष्णतेलाही उघडतो, आणि तो उघडला की शिरा फुगतात, रक्त धावतं, चेहरा पेटतो. ठेचा-भाकरी खाऊन चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या कातडीला ही दोन वेगळी संकटं वाटतच नाहीत. तिच्या लेखी मिरची म्हणजेही आगच.

दुसरा धागा प्रतिकारशक्तीचा आहे. जंतूंना मारण्यासाठी त्वचा कॅथेलिसिडिन नावाची प्रथिनं तयार करते. रोझेशियात ती प्रमाणाबाहेर आणि वेगळ्या तुकड्यांत तयार होतात आणि स्वतःच दाह पेटवतात, असं २००७ साली दाखवलं गेलं. शिवाय सगळ्यांच्याच चेहऱ्यावर राहणारा डेमोडेक्स नावाचा, डोळ्यांना न दिसणारा किडा या रुग्णांत जास्त संख्येनं सापडतो. हे ऐकून कोणी चेहरा घासायला धावू नये. हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि घासण्यानं तो हमखास चिघळतो.

भडका कशानं उडतो, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीनं १,०६६ रुग्णांना विचारलं तेव्हा ८१ टक्क्यांनी उन्हाचं नाव घेतलं, ७९ टक्क्यांनी मानसिक ताणाचं, ७५ टक्क्यांनी गरम हवेचं आणि ४५ टक्क्यांनी तिखट-मसालेदार खाण्याचं. आपण मात्र कोणी लाल झालं की आधी ताटातलं लोणचं काढून घेतो.

उन्हाच्या बाबतीत जबलपूरचं दुखणं भूगोलाचं आहे. कर्कवृत्त शहराच्या थोडं उत्तरेकडून जातं, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नावेनं जाताना वरून ऊन आणि खालून, बाजूंनी पांढऱ्या दगडाची व पाण्याची तिरीप, अशी दोन्हीकडून भाजणी होते. पाहुण्यांना ती सहल घडवणं आपल्याला चुकत नाही. सकाळी लवकरची नाव धरावी, एवढंच. त्यात हे कारखान्यांचं शहर. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा, पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना, ओतकामाची फाउंड्री. भट्टीपुढे, वेल्डिंगच्या बाकावर किंवा हलवायाच्या कढईशी आठ तास उभ्या राहणाऱ्याला ‘ऊन टाळा’ हा सल्ला देऊन काही साधत नाही. त्याच्यासाठी उष्णतेकडे तोंड करून राहण्याची वेळ तोडून तोडून घेणं, मध्ये थंड पाण्याचा ओला रुमाल मानेवर ठेवणं, पंख्याचा झोत चेहऱ्यावर येईल असं उभं राहणं, हेच औषध. घरच्या स्वयंपाकातही फोडणी देताना तोंड बाजूला घेणं आणि कुकरच्या वाफेपासून लांब राहणं जमण्यासारखं आहे.

दुचाकीवर जाताना मुली तोंडाला घट्ट स्कार्फ बांधतात. ऊन त्यानं अडतं, पण आत घाम आणि उष्ण श्वास कोंडतो. जाडजूड सिंथेटिक कापडापेक्षा पातळ सुती ओढणी सैल गुंडाळलेली बरी. कूलर मे महिन्यात या आजाराचा मोठा मित्र आहे, कारण हवा कोरडी असते. पावसाळ्यात तोच दमटपणा वाढवतो आणि काही उपयोग होत नाही. थंडीतही बेफिकीर राहून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीतली बोचरी हवा आणि मग शेकोटीपुढे बसणं, हा गार-गरम झटका शिरांना मुळीच मानवत नाही. कढत पाण्याची आंघोळ तर नकोच. डोक्यावरून गरम पाणी घ्यायचंच असेल तर चेहरा त्यातून वगळावा.

चहाचं काय, हा मराठी घरातला पहिला प्रश्न. १९८१ साली जोनाथन विल्किन यांनी रुग्णांना ६० अंश तापमानाची कॉफी दिली, त्यांचे चेहरे लाल झाले. तेवढंच गरम साधं पाणी दिलं तरीही झाले. थंड कॉफीनं झाले नाहीत, नुसत्या कॅफिननंही नाहीत. दोष वाफाळत्या कपाचा होता. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ८२ हजारांहून अधिक परिचारिकांच्या माहितीवरून असं दिसलं की ज्या भरपूर कॉफी पीत होत्या त्यांच्यात रोझेशिया उलट कमी होता. चहाच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. तेव्हा चहा सोडू नये, बशीत ओतून कोमट करून प्यावा. आपल्या आजोबांची ती सवय इथे अगदी शास्त्रशुद्ध ठरते. हाच न्याय कढईतून थेट पानात येणाऱ्या खव्याच्या जिलबीला लावायचा. जिलबी गारही चांगली लागते, हे मात्र मी जबलपूरकरांपुढे मोठ्यानं म्हणणार नाही.

बाकीच्या पदार्थांसाठी छोटी वही ठेवावी. भडका उडाला की आदल्या काही तासांत काय खाल्लं, कुठे होतो, काय ताण होता, हे लिहावं. दोन-तीन आठवड्यांत काहीतरी नक्षी दिसू लागते. मग एका वेळी एकच गोष्ट बंद करून पाहावी. टोमॅटो, लिंबूवर्गातली फळं, दालचिनी, चॉकलेट यांनी काहींना त्रास होतो, अनेकांना होत नाही. सगळं एकदम वर्ज्य करणाऱ्याला शेवटी कळत काहीच नाही, नुसतं जगणं बेचव होतं. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये पाळी जातानाच्या गरम वाफा आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही चेहरा लाल होतो. हे डॉक्टरांना सांगावं, पण गोळी आपल्या मनानं थांबवू नये.

आता त्या शेजारणीच्या क्रीमबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं असलेली मलमं आपल्याकडे गोरं करणारी क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चेहऱ्यावर थापली जातात. स्टेरॉइड शिरा आकसवतं आणि दाह दाबतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर उजळतो. पुढे कातडी पातळ होत जाते, शिरा कायमच्या फुगतात, पुळ्या येतात. मग क्रीम बंद केली की दोनच दिवसांत चेहरा असा पेटतो की बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब पिळते आणि तिची खात्री पटते की ही क्रीमच आपल्याला मानवते. या फेऱ्याला लेडन आणि क्लिगमन यांनी १९७४ मध्येच स्टेरॉइड रोझेशिया असं नाव दिलं होतं. भारतात १२ केंद्रांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, अशी मलमं चेहऱ्याला लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध कृतिदल उभारलं, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. यादीनं दुकानातली सवय किती बदलली, हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन कोणीही पाहावं.

म्हणून घरातल्या प्रत्येक ट्यूबवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचावं. पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. पार्लरमधून बिननावाच्या डबीत मिळणारी ‘स्पेशल’ क्रीम तर थेट कचऱ्यात. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलेलं असेल तर सोडताना डॉक्टर बरोबर हवेत. ते कधी हळूहळू शक्ती कमी करत नेतात, कधी टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम मधल्या काळासाठी देतात. चेहरा आधी बिघडणार आणि काही आठवडे, कधी काही महिने, बिघडलेला राहणार, हे रुग्णाला आधीच सांगितलं नाही तर तो दहाव्या दिवशी जुन्या ट्यूबकडे परत जातो.

चेहऱ्याची रोजची निगा त्यामानानं फार सोपी आहे, आणि म्हणूनच ती पाळली जात नाही. चेहऱ्यावरच्या वस्तू कमी करायच्या. लिंबू, टोमॅटो, मुलतानी माती, टूथपेस्ट, वाफ, स्क्रब, ब्लीच, कापूर-मेंथॉलचा बाम, सगळं बंद. दिवाळीचं उटणं अंगाला लावावं, तोंडाला नको. साबण कातडीपेक्षा फार अल्कधर्मी असतो, त्याऐवजी साबणविरहित सौम्य क्लेन्झर, साधं पाणी आणि टॉवेल न घासता टिपून घेणं. त्यावर सुगंध नसलेलं, सिरॅमाइड असलेलं मॉइश्चरायझर. मग दिवसा सनस्क्रीन, किमान ३० एसपीएफचं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन सहसा झोंबत नाही, फक्त सावळ्या चेहऱ्यावर पांढरा राप चढतो. आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन घेतलं तर राप जातो आणि लालीही झाकली जाते. दोन बोटांच्या लांबीएवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, आपण लावतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे काही दिवस लावून पाहावी.

पुळ्यांसाठीची औषधं आपल्या ओळखीची निघतात. जुलाबावर घरोघर दिली जाणारी मेट्रोनिडाझोल इथे ०.७५ किंवा १ टक्का जेलच्या रूपात चेहऱ्यावर येते. खरूज आणि जंतांवरचं आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम होऊन रात्री एकदा लावलं जातं. ज्या जिवाणूपासून ते बनलं तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सापडला होता. त्या कामासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. तिसरं अझेलाइक आम्ल. ते सुरुवातीला चुणचुणतं, पण मागे राहणारे काळे डागही फिकट करत असल्यानं आपल्या कातडीला दुहेरी उपयोगी पडतं. यांपैकी कशाचाही पूर्ण गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. पुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. ४० मिलिग्रॅमच्या, हळूहळू विरघळणाऱ्या मात्रेत ती जंतू मारत नाही, फक्त दाह शमवते. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नाही. तिनं कातडी उन्हाला जास्त हळवी होते, हे मध्य भारतात विसरून चालत नाही. गरोदरपणात ती चालत नाही. हट्टी आजारात कमी मात्रेत दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन तर गर्भाला थेट घातक, त्यामुळे त्या काळात गर्भनिरोधन सक्तीचं.

नुसत्या लालीसाठी ब्रिमोनिडिन जेल आहे. ते अर्ध्या तासात शिरा आकसवतं आणि काही तास चेहरा निवतो. लग्नाच्या दिवसापुरतं ठीक, पण काहींना उतरताना आधीपेक्षा जास्त लाली येते, तेव्हा पहिला प्रयोग लग्नाच्या दिवशी करू नये. कायमच्या फुगलेल्या शिरांवर मलम चालत नाही, तिथे लेसर लागतो. गोऱ्या कातडीसाठी वापरला जाणारा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश आपल्या कातडीतलं रंगद्रव्यही शोषून घेतं आणि भाजल्याचे डाग राहू शकतात. १,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यामानानं सुरक्षित. सावळ्या चेहऱ्यांवर हे काम नेहमी करणारा डॉक्टर शोधावा, आधी लहानशा जागी करून पाहायला सांगावं आणि बैठका हिवाळ्यात घ्याव्यात, रापलेल्या कातडीवर नाही.

डोळे सगळ्यात जास्त दुर्लक्षित. वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा लाल होणं, वरचेवर रांजणवाडी येणं, हे सगळं आपण धुळीवर ढकलतो. चेहऱ्याची लाली आणि हा त्रास बरोबर असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावंच, कारण क्वचित बुबुळावर परिणाम होऊन नजर जाऊ शकते. पापण्यांना कोमट पाण्याच्या कापडाचा शेक आणि कडा हलक्या हातानं पुसणं, हा रोजचा उपाय. चेहऱ्याला वर्ज्य असलेली ऊब इथे फक्त पापण्यांपुरती चालते.

आणि तीन महिने नीट उपचार घेऊनही फरक दिसला नाही, तर औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्यावं. लुपसमध्येही गालांवर लाली येते, पण ती नाकाच्या बाजूच्या घडीला सोडून देते आणि सोबत सांधेदुखी, केस गळणं, तोंडात फोड असतात. चेहऱ्यावरचा नायटा स्टेरॉइडनं रूप बदलून फसवतो. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहरा तांबूस, चकचकीत होतो आणि कानाच्या पाळ्या जाड होतात. आपल्या भागात तो अजून आहे, म्हणून कानांकडे पाहिल्याशिवाय चेहऱ्याचं निदान करू नये. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचेचा छोटा तुकडा काढून होणारी तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या या प्रश्नांसाठीच असतात. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात.